फोन सारखा बंद-चालू होतो? रीसेट मारण्याआधी हे तपासा

फोन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला की घरीदारी पहिला सल्ला मिळतो तो एकच, "रीसेट मारून टाक." रीसेट म्हणजे फोन पुसून कोरा करणं. हा उपाय अगदी शेवटी ठेवा. रीसेटने म्हातारी बॅटरी तरणी होत नाही, अडकलेलं बटण सुटत नाही आणि बोर्डाचा, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किटचा, शॉर्टही निघत नाही. जातात ते फक्त फोटो, चॅट आणि नंबर. फोन नेमका कधी आणि कसा बंद पडतो हे दोन दिवस नीट पाहिलं, तर दोष कुठे आहे हे बऱ्याचदा दुकानात न जाताच कळतं.

पण त्याआधी बॅकअप. फोन अजून अर्धा तास तरी चालतोय तोवर हे काम उरकून घ्या, कारण उद्या तो लोगोच्या पुढे जाईलच याची खात्री नाही. केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि 'डीसीआयएम' हे फोटोंचं फोल्डर उचलून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याच्याच सेटिंगमधून घ्या. अँड्रॉइड फोन असेल तर गुगलचा आयडी आणि पासवर्ड दुसऱ्या एखाद्या यंत्रावर टाकून बघा, की तो खरंच आठवतो का. रिकव्हरीतून (फोन पूर्ण सुरू न होताच बटणांनी उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेन्यूतून) रीसेट केल्यावर फोन तोच जुना आयडी मागतो आणि तो आठवला नाही तर धडधाकट फोन कुलूपबंद होऊन बसतो. डायल पॅडवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांकही, कागदावर लिहून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आधी काय होतंय ते ओळखा

"फोन बंद पडतो" या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात.

पहिला : कंपनीचा लोगो दिसतो, सगळं पहिल्यापासून सुरू होतं, सिमला पिन लावला असेल तर तोही पुन्हा विचारला जातो. हा पूर्ण रीस्टार्ट. इथे संशय बॅटरी, बटण, तापमान किंवा बोर्डावर.

दुसरा : कंपनीचा पहिला लोगो येतच नाही, थेट हलणारं चित्र दिसतं आणि अर्ध्या मिनिटात होम स्क्रीन परत येते. हा अर्धा रीस्टार्ट. यात वीज तुटलेली नसते, वरचं सॉफ्टवेअर कोसळून परत उभं राहिलेलं असतं. शंका असेल तर सेटिंग्ज, मग अबाउट फोन, त्यात स्टेटस उघडा. बऱ्याच फोनमध्ये तिथे 'अप टाइम' दिसतो. फोन आत्ताच बंद-चालू झाला आणि तरी अप टाइम ४० तास दाखवतोय, तर हा सॉफ्टवेअरचा मामला आहे. बॅटरी बदलायला धावू नका.

तिसरा : फोन फक्त बंद होतो, पुन्हा बटण दाबावं लागतं. हा बहुतेकदा बॅटरीचा किंवा उष्णतेचा.

आणि काही वेळा आजार नसतोच. सॅमसंगच्या 'डिव्हाइस केअर'मध्ये ठरावीक वेळी आपोआप रीस्टार्ट करायची सोय आहे, काही इतर फोनमध्ये बंद-चालूची वेळ लावून ठेवता येते. रोज पहाटे एकाच वेळेला रीस्टार्ट होत असेल तर आधी हे बघा. घरात पडून असलेला जास्तीचा फोन तीन दिवस लॉक राहिला की स्वतःहून रीस्टार्ट होतो, तेही बिघाडाचं लक्षण नाही. आयफोनमध्ये आयओएस १८.१ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२५ पासून सुरक्षेसाठी ही सोय आली आहे.

बॅटरी : सगळ्यात जास्त वेळा हीच

दोन-तीन वर्षं वापरलेला फोन ३०-४० टक्क्यांवर असताना, कॅमेरा उघडताच किंवा कॉल लागताच बंद होतो, आणि चार्जर लावला की तासन्‌तास चालतो. इतकं जुळलं की संशय जवळजवळ पक्का. आणखी एक खूण म्हणजे बंद पडण्याआधी ३४ टक्के आणि सुरू झाल्यावर एकदम ३ टक्के.

असं का होतं हे समजून घेतलं तर दुकानात कोणी भलतंच काही गळ्यात मारू शकणार नाही. बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो आणि वयाबरोबर तो वाढतो. समजा, नवी असताना तो ०.१ ओहम होता. कॅमेरा, फ्लॅश आणि नेटवर्क एकदम सुरू होऊन फोनने क्षणभर ३ अँपिअर ओढले, तर आतल्या आत ०.३ व्होल्ट पडतो. ३.७ चे ३.४ राहिले, फोन चालला. तीच बॅटरी म्हातारी होऊन रोध ०.२५ ओहम झाला की त्याच ३ अँपिअरला ०.७५ व्होल्ट पडतो. आता ३.७ चे २.९५ उरले. फोनला चालू राहायला साधारण ३.३ च्या आसपास तरी लागतात. वीज तुटली, फोन गेला. भार गेल्यावर व्होल्टेज लगेच वर येतं, म्हणून परत सुरूही होतो. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ मधून ०.७५ गेले तरी ३.४५ उरतात, म्हणून सकाळी ९० टक्क्यांवर तोच फोन ठणठणीत वाटतो. पडद्यावरचा टक्का हा किती चार्ज साठलाय त्याचा अंदाज आहे. बॅटरीत किती दम उरलाय हे तो सांगत नाही.

सिग्नल कमी असला की फोन जास्त ताकदीने टॉवर शोधतो आणि जास्त वीज ओढतो. त्यामुळे पेंचकडे जाताना जंगलात, इमारतीच्या तळघरात किंवा लिफ्टमध्येच फोन बंद पडतो अशी तक्रार असेल तर तीही आधी बॅटरीकडे बोट दाखवते. डिसेंबरमध्ये, नागपुरात विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांतल्या पहाटेच्या थंडीतही तसंच. थंडीत बॅटरीचा रोध आणखी वाढतो, म्हणून उन्हाळ्यात निभावलेली बॅटरी तेव्हा उघडी पडते.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, 'बॅटरी हेल्थ' इथे टक्का दिसतो. ८० च्या खाली गेला असेल, किंवा 'अचानक बंद पडल्यामुळे फोनचा वेग आवरला आहे' अशा अर्थाची सूचना तिथे दिसत असेल, तर बॅटरी बदला. सॅमसंगच्या 'मेंबर्स' अ‍ॅपमध्ये डायग्नोस्टिक्स आहे, त्यात बॅटरीची स्थिती कळते.

फोनची मागची बाजू उचललेली दिसली, डिस्प्लेची एक कड वर आली, किंवा सपाट टेबलावर ठेवलेला फोन भिंगरीसारखा फिरला, तर बॅटरी फुगली आहे. तिथेच थांबा. दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. फोन बंद करून फरशीवर, गादी-कपड्यांपासून दूर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर बदलून घ्या.

नागपूरचा उन्हाळा

अ‍ॅपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. आपल्याकडे मे महिन्यात घरातल्या सावलीतही पारा ३५ च्या वर असतो आणि नवतपात (मे अखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत) बाहेर ४५ सहज होतो. म्हणजे हा फोन बनवताना धरलेल्या हद्दीच्या बाहेरच आपण तो दोन महिने वापरतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर गेली की फोन चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. "चार्जर खराब झाला" असं वाटून मे महिन्यात कित्येक चांगले चार्जर बदलले जातात. त्याच्याही पुढे गेलं की पडदा मंद होतो, फ्लॅश बंद होतो, आणि शेवटी फोनच बंद.

दुपारी १२ ते ५ मध्येच फोन बंद पडत असेल आणि रात्री एकदाही नाही, तर ही शक्यता सगळ्यात आधी धरा. दुचाकीच्या हँडलवर होल्डरमध्ये फोन, त्यावर थेट ऊन, मॅप सुरू, ब्राइटनेस पूर्ण आणि खालून चार्जिंग : एवढं सगळं एकत्र आलं की नवा फोनही वर्धा रोडच्या एखाद्या सिग्नलवर मान टाकतो. घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या पोरांचे फोन लवकर बाद होतात ते यामुळेच, आणि त्यांचं पोट त्या फोनवर असतं. चार्जिंग निघण्याआधी सावलीत करून घ्या, जाडं रबरी कव्हर काढा, मॅपचा आवाज कानात घेऊन फोन खिशात ठेवा. हँडलवर ठेवायचाच असेल तर वर छोटी टोपी असलेला होल्डर लावा. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर पाच मिनिटंही नको.

तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कुलरच्या झोतातही नको, ती हवा ओली असते. कव्हर काढून पंख्याखाली फरशीवर पंधरा मिनिटं ठेवा, तेवढं पुरतं.

बटण, कार्ड, चार्जर : पाच मिनिटांची तपासणी

लोगो येतो, दहा-पंधरा सेकंदांत जातो, परत येतो. हे न थांबता चालू असेल तर पॉवर बटण आत अडकलेलं असण्याची दाट शक्यता आहे. बटण बराच वेळ दाबून धरलं की फोन सक्तीने रीस्टार्ट होतो. अडकलेलं बटण हेच काम तुमच्यासाठी दिवसभर करत राहतं. कव्हर काढा, कारण कित्येक स्वस्त कव्हरांची कड बटणावरच दाबून बसते. बटण बोटाला 'टिक' असं लागतं का बघा. मऊ लागत असेल, तर घाम आणि धूळ आत बसली आहे. फोन बंद करून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब मऊ ब्रशवर घ्या, बटणाभोवती फिरवा, वीस-तीस वेळा दाबा आणि पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर किंवा पेट्रोल वापरू नका.

सिम आणि मेमरी कार्ड दोन्ही काढून एक दिवस चालवा. खराब मेमरी कार्ड वाचताना फोन कोसळणं नेहमीचं आहे. चार्जिंगला लावल्यावरच रीस्टार्ट होत असेल तर दुसरा चार्जर आणि दुसरी केबल लावून बघा, आणि पोर्टमधला कचरा लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई नको.

सॉफ्टवेअरकडे वळताना

अर्धा रीस्टार्ट होत असेल, किंवा नवं अ‍ॅप, नवी अपडेट आल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर सेफ मोड हे सर्वांत उपयोगी हत्यार आहे. पॉवर मेन्यू उघडा, 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरा आणि 'सेफ मोड' आला की होकार द्या. मेन्यूत नसेल तर फोन सुरू होताना लोगो दिसल्यावर आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवा. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स झोपतात. असा एक पूर्ण दिवस वापरा. एकदाही रीस्टार्ट झाला नाही, तर दोषी एखादं अ‍ॅप आहे. शेवटी टाकलेल्यापासून उलट्या क्रमाने काढत या. 'क्लीनर', 'बूस्टर', बॅटरी वाचवणारी अ‍ॅप्स आणि लाँचर (होम स्क्रीन बदलणारी अ‍ॅप्स) आधी.

चलानाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकणारी) टाकली गेली असेल आणि ते अ‍ॅप निघत नसेल, तर बहुधा त्याने 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'चा हक्क घेतलेला असतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' टाका, त्याचा हक्क काढा, मग अ‍ॅप काढा. इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रीस्टार्टचा प्रश्न त्यानंतर.

स्टोरेजही बघा. १२८ जीबीपैकी शे-दोनशे एमबीच रिकामे असतील तर फोनला स्वतःच्या फाइली लिहायला जागा उरत नाही आणि तो कोसळू शकतो. निदान १० टक्के मोकळं ठेवा.

फोन होम स्क्रीनपर्यंत पोचतच नसेल तर रिकव्हरीत नेऊन बघा. बऱ्याच फोनमध्ये बंद अवस्थेत पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबायचं. नव्या सॅमसंगमध्ये त्याच वेळी केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असावा लागतो. पिक्सेलमध्ये पॉवर आणि आवाज कमी, मग यादीतून रिकव्हरी. आत गेल्यावर काहीही न निवडता नुसता दहा मिनिटं ठेवा. 'वाइप डेटा'ला चुकूनही हात लावू नका. यादीतली खूण आपोआप खाली सरकत असेल किंवा पर्याय आपोआप निवडला जात असेल, तर बटण अडकल्याचा पुरावाच मिळाला. रिकव्हरीतही फोन बंद पडला तर दोष बॅटरीत किंवा बोर्डात. तिथे टिकला तर सॉफ्टवेअरची शक्यता वाढते. पण टिकला म्हणून बोर्ड ठीकच आहे असं म्हणता येत नाही, कारण रिकव्हरीत नेटवर्क आणि कॅमेरा बंद असतात आणि भार फारच कमी असतो. यादीत 'वाइप कॅश पार्टिशन' दिसलं तर ते करायला हरकत नाही, त्याने फोटो जात नाहीत. पिक्सेलसारख्या काही फोनमध्ये तो पर्याय नसतो.

एवढं सगळं झालं, बॅकअप हातात आहे आणि सेफ मोडमध्येही रीस्टार्ट होतोय, तेव्हा रीसेट. केल्यावर जुनी अ‍ॅप्स लगेच परत ओढू नका. एक दिवस कोरा फोन चालवा. कोरा फोनही बंद पडला तर प्रश्न हार्डवेअरचा, आणि मग कोणी "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणालं तर पैसे देऊ नका.

आयफोन दर तीन मिनिटांनी

हा इतका ठरावीक आजार आहे की घड्याळ लावून ओळखता येतो. फोन सुरू होतो, साधारण तीन मिनिटं नीट चालतो, बंद. पुन्हा तीन मिनिटं. फोनमधला एक पहारेकरी प्रोग्रॅम आतल्या सेन्सरांकडून हजेरी घेत असतो. एखाद्या सेन्सरने १८० सेकंदांत हजेरी दिली नाही की तो अख्खा फोन पाडतो. पाणी गेल्यावर, फोन पडल्यावर किंवा स्वस्तातली चार्जिंग पट्टी (पोर्टला बोर्डाशी जोडणारी लवचीक पट्टी) बसवल्यावर हे होतं.

ती तीन मिनिटं पुरतात. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग अ‍ॅनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स, त्यात अ‍ॅनालिटिक्स डेटा. यादीत 'पॅनिक-फुल' ने सुरू होणारी ताजी फाइल उघडा आणि फोटो काढून घ्या. वरच्या भागात 'मिसिंग सेन्सर' अशा शब्दांपुढे सेन्सरचं नाव असतं. बऱ्याच मॉडेल्समध्ये 'मिक १' किंवा 'पी-आर-एस-शून्य' दिसलं तर चार्जिंग पोर्टची पट्टी, आणि 'मिक २' दिसलं तर पॉवर बटणाची पट्टी. हा फोटो दाखवून पट्टी बदला म्हणा. बोर्ड बदलायची भाषा सुरू झाली तर आधी पट्टी लावून बघायला सांगा.

दुकानात गेल्यावर

वॉरंटी असेल तर बिल घेऊन थेट सर्व्हिस सेंटर, मध्ये कुठेही फोन उघडू नका. वॉरंटी संपली असेल तर बर्डीत (सीताबर्डीत) दुरुस्तीची दुकानं पुष्कळ आहेत, पण ज्याच्या टेबलावर डीसी पॉवर सप्लाय आहे अशाच कारागिराकडे द्या. तो बॅटरीची जोडणी काढून सप्लायवरून ४ व्होल्ट देतो आणि मीटर बघतो. बटण दाबायच्या आधीच काटा हलला तर बोर्डात कुठेतरी शॉर्ट आहे. सप्लायवर फोन अर्धा तास मजेत चालला तर बोर्ड निर्दोष, बॅटरी दोषी. ही तपासणी तुमच्यासमोर करून मागा.

बोर्डावर हीट गनने गरम हवा मारून "आता होईल ठीक" म्हणणाऱ्याला मात्र नाही म्हणा. आयसीखालचे (चिपखालचे) सुटलेले टाके गरम झाल्यावर तात्पुरते जुळतात, काही दिवसांत परत सुटतात, आणि शेजारचे भाग भाजून निघतात ते वेगळंच. आयसी काढून नीट रिबॉल करायचं (खालचे टाके नव्याने घालायचे) असेल तर त्याचा खर्च आणि फोनची आजची किंमत शेजारी ठेवून ठरवा.

फोन हातात देताना सिम आणि कार्ड काढून घ्या. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो. तो लावला की कारागीर फोन तपासू शकतो, पण तुमचे फोटो आणि अ‍ॅप्स त्याला दिसत नाहीत. यूपीआयचा पिन कोणत्याही दुरुस्तीला लागत नाही.

नवी बॅटरी बसवण्याआधी हातात घेऊन बघा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला हवा, आणि बनवल्याची तारीख ताजी. दोन वर्षं पेटीत पडून राहिलेली बॅटरी कोरी असली तरी म्हातारीच. नव्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी लावली की 'अनोळखी भाग' अशी सूचना येते. ती सूचना आली तरी फोन चालतो.

पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून ब्राइटनेस पूर्ण करा, फ्लॅश लावून पाच मिनिटं व्हिडिओ काढा, त्यानंतर लगेच एक कॉल लावा. बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली असताना ही परीक्षा घेतलेली बरी, भरलेल्या बॅटरीवर दोष लपतो. *#०६# दाबून आयएमईआय घरी लिहिलेल्या नंबराशी ताडून बघा, म्हणजे बोर्ड बदलला गेला नाही याची खात्री होते. पक्कं बिल घ्या, त्यावर काय बदललं आणि किती दिवसांची हमी ते लिहून मागा. त्यावरून पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, दाबली गेली की पेट घेते. ती दुकानातच ई-कचऱ्यासाठी द्या.